गावात चित्रप्रदर्शन भरवायचं कसं?

भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळसारख्या गावात चित्रकार किती, असं कुणाला विचारलं तर शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचं नाव घेऊन उत्तर संपतं. खरी यादी बरीच लांब निघते. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा पेंटर, ज्याचं निम्मं काम फ्लेक्सनं खाल्लं. गणपती आणि शारदेच्या मूर्ती घडवणारी घरं. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी तासणारा सुतार आणि ते नंदी रंगवणारी घरची माणसं. नाटकाचे पडदे रंगवलेले जुने हात. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळवून चित्रांची गुंडाळी माळ्यावर टाकलेल्या मुली.

या सगळ्यांचं काम गाव पाहतंच. मात्र त्या कामाखाली करणाऱ्याचं नाव नसतं, ते कधी केलं याची नोंद नसते आणि त्याची किंमतही कुठे लिहिलेली नसते. नाव, तारीख आणि किंमत या तीन गोष्टी कामाला लावून देणं हे गावातल्या प्रदर्शनाचं मुख्य काम. पुढे नागपूरला किंवा मुंबईला चित्र पाठवताना याच तीन गोष्टी विचारल्या जातात. त्यामुळे ओसरीवर भरलेलं प्रदर्शनही नीट नोंदी ठेवून केलं, तर कलाकाराच्या कारकिर्दीतली पहिली लेखी ओळ ठरतं. ते कसं उभं करायचं, ते क्रमानं पाहू.

दिवस आणि जागा

शहरातल्या कलादालनाची पहिली चिंता असते ती प्रेक्षकांची. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, ती मंडईनं मिटवलेली आहे. दिवाळी झाली, भाऊबीज आली की भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत मंडया सुरू होतात. गावागणिक दिवस ठरलेला असतो. लेकी-जावई, सोयरे-धायरे मुक्कामाला येतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं, बाजूला दुकानं आणि पाळणे, रात्री नाटक. एरवी चित्र पाहायला वेगळा वेळ न काढणारी माणसं त्या दिवशी पाहण्यासाठीच घराबाहेर पडलेली असतात.

इतरही दिवस आहेत. नंदी आणि लाकूडकामासाठी तान्हा पोळा, मूर्तिकामासाठी शारदोत्सव, मुलांच्या चित्रांसाठी २६ जानेवारी. अड्याळच्या हनुमान मंदिराच्या घोडायात्रेलाही बाहेरगावची माणसं येतात. पण सर्व प्रकारची कामं एकत्र मांडायची असतील तर मंडई सोयीची. पाऊस गेलेला असतो आणि धान कापणीच्या धामधुमीतही मंडईचा दिवस गाव सोडत नाही.

जागा मंडईच्या मैदानात घेऊ नये. धूळ उडते, भोंगे वाजतात, रेटारेटीत काच फुटते. मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवरची, पण गर्दीपासून थोडी बाजूची जागा पाहावी. शाळेचा वऱ्हांडा, ग्रामपंचायतीचं सभागृह, वाचनालय किंवा मंदिराचा सभामंडप चालतो. वऱ्हांडा निवडताना त्याचं तोंड कुणीकडे आहे ते आधी बघायचं. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणमुखी वऱ्हांड्यात दुपारभर थेट ऊन येतं, त्यात जलरंगाचं नुकसान होतं आणि काचेवर फक्त पाहणाऱ्याचा चेहरा दिसतो. उत्तरमुखी वऱ्हांड्यात दिवसभर सारखा, सौम्य उजेड मिळतो आणि विजेचा खर्च वाचतो.

प्रदर्शन तीन दिवसांचं ठेवणं बरं. आदल्या दिवशी गावातले आणि शाळेची मुलं, मंडईच्या दिवशी पाहुणे, तिसऱ्या दिवशी ज्यांना शांतपणे पाहायचं किंवा विकत घ्यायचं आहे ते.

परवानगी

शाळा वापरायची तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे अर्ज करायचा, सभागृह किंवा मोकळी जागा हवी तर ग्रामपंचायतीकडे. अर्जात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणत्या तारखांना, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, वीज कुणाच्या मीटरवरून, आणि जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी कुणाची. भिंतीला खिळा ठोकणार नाही, हे वाक्य अर्जात आवर्जून लिहावं, कारण नकाराचं अर्धं कारण तेच असतं. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलिसांची परवानगी लागते. अड्याळला पोलीस ठाणं गावातच आहे, त्यामुळे हेलपाटा नाही. मंजुरी तोंडी मिळाली तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. हीच प्रत पुढच्या वर्षी कामी येते.

भिंत मोजा, मग आवाहन काढा

बहुतेक ठिकाणी आधी आवाहन निघतं आणि मग चित्रांचा ढीग कुठे लावायचा याची पळापळ होते. हिशेब उलट करावा. समजा वऱ्हांड्याची मागची भिंत ३० फूट आहे. चौकटीसह चित्राची रुंदी सरासरी २ फूट आणि दोन चित्रांत १ फूट मोकळी जागा धरली, तर १० चित्रं मावतात. बिछायत केंद्राकडून बांबू आणून ६ फूट रुंदीच्या पाच उभ्या चौकटी बांधल्या आणि त्यांवर बारदाना ताणला, तर प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अशी आणखी २० चित्रं लागतात. धानाच्या या मुलखात बारदान्याला तोटा नाही आणि त्याचा मातकट रंग चित्रामागे शोभतोही. एकूण ३० चित्रं झाली. म्हणजे १५ कलाकारांना प्रत्येकी दोन. मूर्ती, नंदी, विणकाम यांसाठी टेबलं वेगळी मोजायची.

हा आकडा हातात आला की आवाहनाचा मजकूर आपोआप ठरतो. त्यात एवढं असावं:

१. कोण भाग घेऊ शकतं: फक्त गावातले, की पवनी तालुक्यातले, की जिल्ह्यातले.
२. प्रत्येकी किती कामं आणि जास्तीत जास्त आकार किती.
३. चौकट कलाकारानं आणायची की नुसता कागद चालेल.
४. प्रवेश शुल्क असेल तर किती, आणि त्या पैशांचं काय होणार.
५. काम आणून द्यायची आणि परत न्यायची तारीख.
६. विक्री झाल्यास आयोजक काही टक्के घेणार का.
७. काम खराब झालं किंवा हरवलं तर जबाबदारी कुणाची.

सातवा मुद्दा लिहायला आयोजक कचरतात, आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. ‘आयोजक काळजी घेतील, मात्र नुकसानभरपाई देणार नाहीत’ असं असेल तर तसंच लिहावं. कलाकाराला त्याचा निर्णय घेता येतो.

पाटी रंगवणाऱ्यांना किंवा मूर्तिकारांना ‘चित्रकारांनी भाग घ्यावा’ ही ओळ स्वतःसाठी आहे असं वाटत नाही. म्हणून आवाहनात कामांची नावं घ्यावीत: पाटीलेखन, पडदे, मूर्ती, नंदी, रांगोळी, भरतकाम, कोशाचं (टसर रेशमाचं) विणकाम, पितळकाम, छायाचित्रं. भंडारा पितळेसाठी आणि मोहाडीचा भाग कोशाच्या कापडासाठी ओळखला जातो. ते काम प्रदर्शनाबाहेर ठेवायचं काही कारण नाही. आणि आवाहन फोनवर फिरवून भागत नाही. पेंटरच्या दुकानात, मूर्तिकाराच्या घरी समक्ष जावं लागतं.

निवड

दोन पद्धती आहेत. एक खुली: जो येईल त्याचं लावायचं. दुसरी परीक्षकांची: आलेल्यातून निवडायचं. खुल्या पद्धतीत कुणी दुखावत नाही, पण भिंतीवर दाटी होते आणि चांगलं काम हरवतं. परीक्षकांच्या पद्धतीत दर्जा राखला जातो, पण पहिल्याच वर्षी अर्धं गाव रुसतं. मधली वाट अशी: प्रत्येकाचं एक काम नक्की लागेल, दुसरं निवडीतून. निवड तिघांनी करावी. एक बाहेरगावचा कलाशिक्षक, एक हातानं वस्तू घडवणारा कारागीर आणि एक वाचनालयाचा किंवा ग्रामपंचायतीचा माणूस. ज्याच्या घरचं काम आलं असेल त्यानं त्या कामापुरतं बाजूला बसायचं. न निवडलेल्या कामाचं कारण दोन ओळींत लिहून कलाकाराला एकट्याला द्यावं, सभेत सांगू नये.

बक्षीस ठेवायचं की नाही? ठेवलं नाही तर बरं. बक्षिसाची रक्कम सगळ्यांसाठी चौकटीची पट्टी आणि पुठ्ठा आणण्यावर खर्च झाली तर प्रदर्शनच देखणं होतं.

टांगणी

एक चित्र घेऊ. पडदे रंगवणाऱ्या जुन्या हातानं मांजरपाटावर दोन फूट बाय तीन फुटांचा जंगलाचा देखावा केला आहे. मूळ पडदा रंगमंचाच्या रुंदीचा, तो इथे मावणार नाही, म्हणून त्याच पद्धतीचा छोटा तुकडा. पडद्यांच्या जुन्या पद्धतीत भुकटीचा रंग सरसात कालवतात. असा रंग घडी घातली की तडकतो आणि ओल लागली की बोटाला येतो. त्यामुळे कापड जाड नळीवर रंगीत बाजू बाहेर ठेवून गुंडाळून आणायचं. वरच्या आणि खालच्या कडेला लाकडी पट्टी शिवून घेतली की कापड ताठ लोंबतं, वाऱ्यानं फडफडत नाही. वरच्या पट्टीला दोन टोकांशी दोन कड्या, त्यांतून सुतळी. एकाच मधल्या कडीवर टांगलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा लागून चित्र तिरकं होत राहतं.

उंचीचा नियम सोपा आहे. चित्राचा वरचा काठ एका रेषेत आणण्याच्या फंदात पडू नये. चित्राचा मध्य एका रेषेत आणावा. कलादालनांत हा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास. गावात मुलं आणि काठी घेतलेली म्हातारी माणसं बरोबरीनं येतात, म्हणून १३५ ते १४० वर आणलेलं चांगलं. भिंतीलगत सुतळी ताणून ही रेषा आधी आखून घ्यायची आणि मग एकेक चित्र चढवायचं. शाळेच्या भिंतीत खिळे नकोत, तर वऱ्हांड्याच्या दोन खांबांमध्ये वर एक आडवा बांबू बांधून त्यावरून सुतळ्या सोडता येतात.

काचेची चौकट दारासमोर किंवा खिडकीसमोर लावू नये. चित्रांपुढे तीन फुटांवर दोरी बांधावी, नाहीतर प्रत्येक जण बोट लावून रंग वाळला आहे का ते बघतो. आणि एक गोष्ट विसरून चालत नाही: कार्तिकातलं दव. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावात पहाटेपर्यंत सगळं ओलं होतं. उघड्या मांडवात रात्रभर राहिलेला कागद सकाळी फुगलेला असतो. म्हणून संध्याकाळी कागदावरची कामं उतरवून खोलीत नेण्याची पाळी ठरवून द्यावी. उतरवताना प्रत्येक चित्रामागे क्रमांक चिकटवलेला असला की सकाळी अर्ध्या तासात पुन्हा सगळं जागेवर येतं.

चित्राशेजारची चिठ्ठी

ही चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी पुरते. तिच्यावर सहा ओळी: कलाकाराचं नाव व गाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, किंमत. नाव-गावाखाली, उदाहरणार्थ: ‘वैनगंगेचा घाट, जलरंग, कागद, २८ × ३८ सें.मी.; २०२५; विक्रीसाठी नाही.’ आकार लिहिताना आधी उंची, मग रुंदी. चौकट सोडून नुसत्या चित्राचं माप. साल कामाचं, प्रदर्शनाचं नव्हे. या साध्या शिस्तीचा फायदा असा, की हीच ओळ पुढे कुठल्याही स्पर्धेच्या अर्जात जशीच्या तशी उतरवता येते.

नावाबद्दल कलाकार संकोच करतात. ‘माझं कशाला, दुकानाचं लिहा,’ म्हणतात. या भागात नाव न लावण्याची सवय जुनी आहे. अड्याळहून जवळच असलेल्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनंतरही दाते नावानं ठाऊक आहेत. ज्यांनी छिन्नी चालवली ते अनाम राहिले. आजच्या प्रदर्शनातही उद्घाटकांचं नाव बॅनरवर फूटभर अक्षरात आणि कलाकाराचं नाव कुठेच नाही, असं होऊ शकतं. त्यावर उपाय एकच: चिठ्ठी लागल्याशिवाय काम टांगायचं नाही.

किंमत, विक्री आणि हक्क

किंमत काढायची सोपी रीत: साहित्याचा खर्च, अधिक चौकट, अधिक कामाचे दिवस गुणिले रोजी. कुशल गवंडी किंवा सुतार गावात जी रोजी घेतो त्यापेक्षा चित्रकारानं कमी धरू नये. साहित्य आणि चौकट मिळून ७०० रुपये लागले, तीन दिवस काम झालं आणि रोजी ८०० धरली, तर किंमत ३,१०० रुपये होते. गावाला ही जास्त वाटली तरी चिठ्ठीवर तीच लिहावी. परवडणारं काही हवं असेल तर छोटी चित्रं, पोस्टकार्डं, हातभर नंदी वेगळे ठेवावेत. तेच चित्र गावात एका भावानं आणि नागपुरात दुसऱ्या भावानं ठेवलं तर दोन्हीकडचा विश्वास जातो.

विकलेल्या कामावर लाल टिकली लावायची, पण काम प्रदर्शन संपेपर्यंत हलवायचं नाही. पैसे थेट कलाकाराच्या खात्यावर जावेत, आयोजकांनी पावतीची नोंद ठेवावी. आयोजकांचा वाटा आवाहनात छापला असेल तेवढाच.

हक्काचा मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला असं होत नाही. तो हक्क लेखी करारानंच देता येतो. म्हणजे तुमचं विकत घेतलेलं चित्र कुणी तुम्हाला न विचारता कॅलेंडरवर छापू शकत नाही. पण ऑर्डर देऊन, पैसे मोजून करवून घेतलेल्या चित्राचं किंवा व्यक्तिचित्राचं वेगळं आहे. तिथे उलट काही ठरलेलं नसेल तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा. ऑर्डरीची कामं करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवून दोन ओळींचा कागद आधीच करून घ्यावा.

पुढची दारं

गावच्या प्रदर्शनातून पुढे जायच्या वाटा ठरलेल्या आहेत. अड्याळहून भंडारा आणि तिथून नागपूर हा पहिला टप्पा. नागपुरात १९८० च्या दशकात स्थापन झालेलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. ते कला प्रदर्शनं आणि हस्तकला मेळा भरवतं. लोककला आणि हस्तकला करणाऱ्यांसाठी हे दार जास्त जवळचं. राज्य पातळीवर कला संचालनालय महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन भरवतं. त्यात विद्यार्थी आणि कलाकार असे वेगळे विभाग असतात आणि रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, मुद्राचित्रण अशा गटांत प्रवेशिका घेतात. मुंबईत १८८८ पासूनची बॉम्बे आर्ट सोसायटी वार्षिक प्रदर्शनासाठी देशभरातून कामं मागवते. दिल्लीची ललित कला अकादमी १९५४ ची. ती राष्ट्रीय प्रदर्शन भरवते. आणि १९५२ साली उघडलेलं मुंबईचं जहांगीर कलादालन, जिथे आठवड्याच्या हिशेबानं दालन मिळतं, मात्र त्यासाठी निवड समितीकडून पसंती आणि नंबर लागण्याची दीर्घ वाट, दोन्ही लागतात.

गावातलं काम तिथपर्यंत पोहोचू शकतं का? वारली चित्रांचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. लग्नाचा चौक बायका कुडाच्या भिंतीवर लिहीत. त्याला ना सही, ना किंमत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले, आणि १९७५ मध्ये त्यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कला आधीपासून होतीच. कागद हलवता आला, त्यावर नाव आलं, तारीख आली, म्हणून दालनात लावता आलं. भंडारा जिल्ह्यातच पाहायचं तर चित्रकार भाऊ समर्थ लाखनीत जन्मले आणि नागपुरात राहून त्यांनी चित्रं, रेखाटनं आणि लेखन केलं.

या दारांवर अर्ज करताना काय मागतात? कामाचं स्पष्ट छायाचित्र, माप, माध्यम, वर्ष, किंमत आणि आजवरच्या प्रदर्शनांची यादी. अनेकदा काम ठरावीक मुदतीतलंच हवं असतं. नेण्या-आणण्याचा खर्च बहुधा कलाकाराचा. इथे एक सावधगिरी हवी. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाला ‘राष्ट्रीय पुरस्कार’ देणारी प्रदर्शनंही निघतात. पैसे भरण्याआधी परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, जागा कुठली, मागच्या वर्षीची पुस्तिका पाहायला मिळते का, एवढं विचारावं. उत्तर टाळलं तर आपणही टाळावं.

प्रदर्शन उतरल्यावर

शेवटच्या संध्याकाळी कामं परत देताना सही घ्यायची. आठवड्याच्या आत जमाखर्च सगळ्या सहभागींपुढे मांडायचा. प्रत्येक कलाकाराला एक पातळ फाइल द्यायची. तिच्यात सहभागाचं पत्र, एका पानाची प्रदर्शन-सूची, भिंतीवर लागलेल्या त्याच्या कामाचं छायाचित्र आणि चित्राशेजारची ती चिठ्ठी. सहभागाच्या पत्रावर ‘उत्कृष्ट’ वगैरे विशेषणं नकोत. कामाचं शीर्षक, जागा आणि तारखा हव्यात. निवड करणाऱ्याला त्यातूनच काही कळतं.

आयोजकांच्या फाइलीत परवानगीची पोच, आवाहनाची प्रत, भिंतीची मापं, अभिप्रायाची वही आणि विक्रीची नोंद राहिली पाहिजे. मंडईची तिथी ठरलेली असल्यामुळे पुढच्या वर्षीचं वेळापत्रक त्याच बैठकीत लिहिता येतं: पोळ्याला आवाहन, दसऱ्यापर्यंत नावं, दिवाळीआधी कामं जमा. पोळा ते दिवाळी या दोन महिन्यांत नवं चित्र सुरू करून पुरं करायला वेळ मिळतो, म्हणून आवाहन पोळ्याच्या पुढे ढकलू नये.